दुसऱ्याच्या मापाची बैठक

सुख आणि मऊपणा या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. आसन कठीण लागले की त्यावर उशी टाकावी, एक पुरली नाही तर दुसरी टाकावी, हा आपला घरगुती शहाणपणा. बसण्याचे शास्त्र मात्र काही निराळेच सांगते. ते आम्हांस कोणा वैद्याकडून नव्हे, तर इंग्लंडमधील एका गॅरेजमध्ये, घरी बांधलेल्या एका चिमुकल्या स्पोर्ट्स मोटारीपाशी उमगले. त्या मोटारीच्या कठीण आसनांविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

घरी मोटार बांधणे ही कल्पनाच आपल्या वाचकांना नवलाची वाटेल. आपल्याकडे माणूस घर बांधतो, आमचे कोळी बांधव होडी बांधतात. पण मोटार ही शोरूममधून आणावयाची वस्तू. इंग्लंडमध्ये मात्र या छंदाला मोठी परंपरा आहे. कॉलिन चॅपमन या अभियंत्याच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ नावाची दोन आसनांची उघडी मोटार बाजारात आणली. त्या काळी तयार मोटारीवर खरेदी-कर भरावा लागे; सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून अनेक गिऱ्हाइके भागांची खोकी घरी नेत आणि मोटार स्वतःच जोडीत. १९७३ साली हा खरेदी-कर जाऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. करातली सवलत संपली, तरी छंद संपला नाही. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक लिहिले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन आणि इतर भाग घ्यावयाचे, चौकोनी पोलादी नळ्या जोडून सांगाडा उभारावयाचा, अशी ती कृती. ती वाचून कितीतरी सामान्य माणसे हातात करवत घेऊन गॅरेजमध्ये शिरली.

या मोटारींचा सगळा डौल हलकेपणात असतो. जे काढून टाकता येईल ते काढून टाकावयाचे, हा नियम. त्यात आसनाचाही बळी जातो. नेहमीच्या मोटारीतील आसनात स्प्रिंगा आणि स्पंजाचा जाड थर असतो, शिवाय ते पुढेमागे सरकते. इथे पुष्कळदा फायबरग्लासचे एक कवच किंवा ॲल्युमिनियमच्या तळावर ठेवलेली पातळ गादी, एवढेच. बसणाऱ्याचे बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, पाय समोर सरळ पसरलेले, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट मणक्याला कळतो.

२०१४ सालच्या उन्हाळ्यात नॉर्विच शहराजवळील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, आम्ही काही आठवडे सेवा केली. नॉर्विच हे नॉरफक परगण्याचे मुख्य शहर. लोटसचा कारखाना १९६६ पासून याच परगण्यातील हेथेल येथे आहे. तेव्हा त्या भागात असल्या मोटारींचे वेड असणे स्वाभाविकच. धर्मग्रामातील एक निवृत्त सुतारकाम-शिक्षक पाच वर्षे खपून अशीच एक मोटार बांधीत होते. आम्ही गेलो तेव्हा ती पूर्ण होऊन सरकारी तपासणीत उत्तीर्णही झाली होती. हिरवा रंग, पितळेसारखी चकाकणारी बटणे, सांध्यासांध्यावर सुताराची सफाई. त्यांनी पत्नीला शेजारी बसवून पहिला फेरफटका मारला. विसाव्या मिनिटाला बाईंनी परत फिरण्यास सांगितले. तक्रार केली नाही; फक्त उतरताना दाराचा आधार जरा अधिक वेळ धरला.

त्या दोघांचा एक संकल्प होता. मोटार तयार झाली की तिच्यातून वॉल्सिंगहॅमच्या मातेच्या दर्शनास जावयाचे. परंपरेनुसार १०६१ साली स्थापन झालेले हे मरियामातेचे तीर्थस्थान १५३८ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात उद्ध्वस्त करण्यात आले. तेथून मैलभर अलीकडे असलेले चौदाव्या शतकातील स्लिपर चॅपल तेवढे उरले, आणि १९३४ पासून तेच इंग्लंडमधील कॅथलिकांचे राष्ट्रीय मरियातीर्थ आहे. जुने यात्रिक येथे पादत्राणे काढून उरलेला मैल अनवाणी चालत. नॉर्विचपासून हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे त्या मोटारीने तासाभराचा प्रवास. आणि बाईंना वीस मिनिटे बसवत नव्हते. त्यांना कमरेचा जुना आजार होता.

“स्पोर्ट्स मोटार अशीच असते, फादर,” शिक्षक आम्हांस म्हणाले. “थोडे सोसावे लागते. यात्राच आहे ना?” ते हसत म्हणाले; बाई हसल्या नाहीत.

पहिला उपाय त्यांनी केला तो आपण सारे करू तोच. दिवाणखान्यातील जाडजूड उशी आणून आसनावर ठेवली. तिने तीन गोष्टी बिघडवल्या. बाई चार इंच वर आल्या, तेव्हा वारा काचेवरून थेट तोंडावर येऊ लागला आणि डोके मागच्या संरक्षक कमानीच्या वर गेले. मोटार उलटली तर वाचवणारी तीच एक गोष्ट. दुसरे म्हणजे, मऊ उशीत शरीर दबून पुढे घसरते, आणि जोराचा ब्रेक लागल्यास कमरेचा पट्टा ओटीच्या हाडांवरून निसटून पोटात रुतण्याचा धोका संभवतो. आणि तिसरे, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला ते सुखही मिळाले नाही. मऊ स्पंज वजनाखाली पार चपटा झाला आणि बूड पुन्हा त्याच कठीण तळाला टेकले.

शिक्षक चिकाटीचे. त्यांनी या विषयाचा अभ्यास मांडला, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी आम्हांसही त्याचे पाठ दिले. आपण बसतो तेव्हा शरीराचा बराचसा भार कुल्ल्यांतील दोन लहान हाडांवर येतो. आसन सपाट आणि कठीण असेल, तर तो भार दोन रुपयांएवढ्या जागेत एकवटतो, तेथील रक्तप्रवाह अडतो आणि वेदना सुरू होते. म्हणजे शत्रू कठीणपणा नव्हे, तर भाराची असमान वाटणी. त्यात या मोटारीत पाय समोर पसरलेले असल्याने मांड्या अधांतरी राहतात आणि त्यांच्या वाट्याचा भारही मागे माकडहाडाकडे ढकलला जातो. यावर उपाय उशीचा नव्हे. आसनाचा पुढचा भाग पाचरीने थोडा उचलावा, म्हणजे मांड्यांना आपला वाटा उचलता येतो. कमरेच्या खळगीत दोन बोटे जाडीची गुंडाळी द्यावी, म्हणजे मणक्याचा नैसर्गिक बाक राहतो. पाणी न शोषणारा घट्ट फोम तळाशी आणि अगदी पातळ मऊ थर वर; कारण मोटार उघडी आणि पाऊस इंग्लंडचा.

या साऱ्याने फरक पडला, पण पुरेसा नाही. मग त्यांनी शर्यतीच्या मोटारींत वापरतात ती युक्ती योजली. फोमचे दोन द्रव मिळतात. ते एकत्र केले की मिश्रण फसफसून फुगते आणि काही मिनिटांत थर्मोकोलसारखे घट्ट होते. हे मिश्रण जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओतून आसनात ठेवावयाचे आणि माणसाने त्यावर प्रवासाला बसतो तसे बसावयाचे. फोम जिथे पोकळी असेल तिथे भरतो आणि शरीराचा साचा तयार होतो. त्या द्रवांची वाफ श्वासात जाणे घातक असल्याने काम उघड्या अंगणात, मुखपट्टी आणि हातमोजे घालूनच करावे लागते. मिश्रण तापते, म्हणून ते थोडे थोडे ओततात. आम्हांस घड्याळ धरून उभे केले होते. बाई आसनात बसल्या. शिक्षकांनी बजावले, “सरळ बसू नकोस. नेहमी बसतेस तशीच बस.” नंतर दहा मिनिटे कोणी बोलले नाही.

साचा बाहेर काढला तेव्हा आम्हां दोघांचेही लक्ष एकाच गोष्टीकडे गेले. डावीकडची खळगी उजवीपेक्षा बोटभर खोल होती. शिक्षकांना वाटले, ओतण्यात चूक झाली. बाई म्हणाल्या, चूक नाही. धाकट्याच्या जन्मानंतर कंबर दुखावली, तेव्हापासून आपण डाव्या अंगावर भार देऊन बसतो. धाकट्याचे वय तेव्हा पस्तीस होते. पस्तीस वर्षे ज्या मेजावर ते समोरासमोर जेवले, त्या मेजाच्या खुर्च्याही शिक्षकांनीच घडविलेल्या. दोन्ही एकाच मापाच्या. ते बराच वेळ त्या साच्यावरून हात फिरवीत राहिले.

आम्ही मायदेशी परतल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांचे पत्र आले. साचा तासून, वर पातळ स्पंज आणि रेग्झिन चढवून ते दोघे वॉल्सिंगहॅमला गेले. बाई तासभर विनासायास बसल्या. स्लिपर चॅपलपाशी उतरल्यावर त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि तो मैल अनवाणी चालल्या. त्यांना तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते.

या पत्रावर आम्ही पुष्कळ विचार केला. ख्रिस्ती जीवनात सोसण्याला मोठे स्थान आहे. चाळीस दिवसांचा उपवास, यात्रा, गुडघे टेकून केलेली प्रार्थना, यांतले काहीच मऊ नाही. परंतु स्वतः पत्करलेले कष्ट आणि दुसऱ्याच्या वाट्याला आणलेले कष्ट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला तप म्हणतात. दुसऱ्याला तेच नाव देऊन आपण आपली सोय पाहतो. आसन सुखकर झाले म्हणून बाईंचे तप उणे झाले नाही. उलट ते त्यांना स्वतः निवडता आले.

संत मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवरील बार्तिमयाची कथा आहे. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभू येशूने आधी त्याला विचारले की, तुझ्यासाठी मी काय करावे? आपण बहुधा हा प्रश्न वगळतो आणि हाती लागेल ती उशी पुढे करतो. आजाऱ्यांच्या भेटीस जातो तेव्हा आम्हांस हे वारंवार जाणवते. दीर्घकाळ बसून वा पडून असलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून घरची मंडळी प्रेमाने रबराची गोल चकती आणतात. आजचे वैद्यकीय मार्गदर्शन असे की, या चकतीच्या कडेचा दाब रक्तप्रवाह आणखी अडवतो, म्हणून ती टाळावी. ठरावीक वेळाने कूस वा बैठक बदलावी आणि भार विभागणारी गादी डॉक्टरांना विचारून घ्यावी. कारण तेच, त्या मोटारीतले.

गेल्या वर्षी आमच्या चर्चमधील बाकांना गाद्या बसवाव्यात असा प्रस्ताव आला. निधी जमविण्याचीही तयारी होती. त्याआधी आम्ही पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध मावशींना, गादी किती जाड हवी म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, “गादी नको, फादर. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते बघा.” खरेच, त्यांची पावले अधांतरी होती, आणि बाकाची कड मांडीखाली रुतत होती. सुताराने उरलेल्या फळीचा चार बोटे उंचीचा एक पाट करून दिला. आता मिस्सा सुरू होण्यापूर्वी मावशी तो पायाने जवळ ओढून घेतात, आणि त्याचा आवाज वेदीपर्यंत येतो.