शटरचा आवाज

शाळेखालच्या दुकानाचे शटर धाडकन पडले आणि आमच्या हातातला खडू निसटला. वर्गात हशा पिकला. पहिल्या बाकावरच्या मुलाने तसाच आवाज तोंडाने काढून दाखवला आणि क्षणात आमचा हात त्याच्या गालावर पडला. मुलांवर हात उगारायचा नाही हे बी.एड.ला शिकलो होतो, कायदाही तेच सांगतो. खोपोली लोकलने कर्जतला परतताना पळसदरी आली तरी तो हात थरथरत होता.

त्या मुलाचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा जुना होता, आणि तो आमचाही नव्हता.

जानेवारी १९९३. आम्ही पाच वर्षांचे. मुंबईत अब्बांचे शिलाईचे दुकान होते आणि त्यामागेच आमची खोली. त्या रात्री अब्बांनी शटर आतून ओढून घेतले आणि आम्हाला कापडाच्या ताग्यांमागे बसवले. बाहेरून शटरवर लाथा पडत होत्या. अम्मीचा तळहात आमच्या तोंडावर होता. शटर टिकले, आम्ही वाचलो. दोन दिवसांनी कर्जतला नानीकडे आलो, ते कायमचेच. त्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. भ्यालेल्या लेकरांची मोजदाद कोण करणार? घरात सगळे म्हणायचे, “मूल आहे, विसरेल.” नानी तेवढी रोज रात्री आयतुल कुर्सी पढून आमच्यावर दम करायची. तिची फुंकर कपाळावर आली की झोप लागायची.

आम्ही विसरलो नाही. फक्त बोललो नाही. फटाका, दाराचा आवाज, कुणाचे मोठ्याने बोलणे, एवढ्यानेही छाती धडधडे, आणि मग राग. स्वभावच तापट, असे आम्हीही मानू लागलो होतो.

त्या थपडेनंतर ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी कित्येक आठवडे नुसते ऐकून घेतले. मग न्यूरोफीडबॅक सुचवले. विजेचा झटका देणार की काय, अशी भीती वाटली. तसे काहीच नव्हते. डोक्याला लेप लावून बारीक तारा चिकटवतात. त्या मेंदूतल्या लहरी फक्त टिपतात, आत काही सोडत नाहीत. समोर पडद्यावर चित्रपट चालतो. मेंदू हव्या त्या लयीत आला की चित्र उजळ होते, बिथरला की अंधुक. आपण मुद्दाम काही करायचे नसते. चित्र नीट दिसावे म्हणून मेंदू आपोआप वाट शोधतो.

ही विद्या तशी जुनी. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांच्या मेंदूत विशिष्ट लहर उमटली की त्यांना खाऊ दिला. मांजरे ती लहर वारंवार आणायला शिकली. मांजर शिकते, तर बी.एड. झालेल्या मास्तरणीने का शिकू नये?

तरीही हातचे राखून लिहिले पाहिजे. बालपणीच्या आघातातून गेलेल्या ३७ मुलांवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २४ बैठकांनंतर मुलांत सुधारणा दिसली, पण मुले फारच थोडी. काही तज्ज्ञ म्हणतात, गुण यंत्राचा किती आणि आशेचा किती, हे नीट ठरलेले नाही. आघातावर पहिला मान अजून बोलण्यातून होणाऱ्या उपचारांनाच आहे. शिवाय एका बैठकीची फी म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा बाजार. आम्ही वीस बैठकांवर थांबलो. आता शटर पडले की दचकतो, पण दचकणे आणि हात उठणे यांच्यात एक श्वास मावतो. तो यंत्राने दिला, डॉक्टरबाईंच्या ऐकण्याने, की दोघांनी मिळून, हे आम्हाला सांगता येणार नाही.

त्या श्वासात आम्हाला मुले दिसू लागली. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. तेव्हापासून पाऊस वाढला की आमच्या वर्गातलीही काही मुले डोंगराकडे बघत बसतात. जी वाडीत होती, ज्यांचे आईबाप गेले, त्यांच्या रात्री कशा जात असतील? पूर्वी आम्ही म्हणायचो, “घाबरू नका, लिहा.” म्हणजे, मूल आहे, विसरेल. आता वह्या मिटायला सांगतो आणि कुणाला काय वाटते ते ऐकतो. ठाण्याचे यंत्र या मुलांपर्यंत कधी पोहोचेल, ठाऊक नाही. सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ वर फोन फुकट लागतो. तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे.

त्या मुलाची माफी आम्ही दुसऱ्याच दिवशी भर वर्गात मागितली होती. उपचार सुरू झाल्यावर कारणही सांगितले, मुलांना पेलेल एवढेच. तो काही बोलला नाही. पण दुपारची वेळ झाली की खिडकीतून खाली डोकावतो आणि हळूच म्हणतो, “टीचर, दुकानवाले चाचा शटर गिरा रहे हैं.”

आम्ही खडू घट्ट धरतो.