हापसा आपल्या वस्तीत कसा आला

चि. रूथ हिस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनच केला असता, पण तुझी रात्रपाळी आणि माझी सकाळ यांचा मेळ बसत नाही. शिवाय हे सगळं घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून निवांत पत्रच लिहायला बसले.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नाताळात आलीस तेव्हा वस्तीतल्या हापशाचा फोटो काढलास आणि बाबा तुला एवढंच म्हणाले, "त्याची गोष्ट आत्याला विचार." ही पहिली. दुसरी तुझ्या मनाला लागलेली आहे. रविवारची सुटी मिळत नाही, उपासना चुकते, केअर होममध्ये येशूचं नाव काढायची सोय नाही; मग आपला विश्वास उरला कुठे, असं तू विचारतेस. मला या दोन्हींचं उत्तर एकच वाटतं. म्हणून आधी हापसा.

आपलं गाव तुझ्या डोळ्यांपुढे आहेच. वेशीतून आत आलं की मारुतीचं देऊळ, पार, चावडी, मग मोठी घरं. ओढा ओलांडला की आपली वस्ती. गावात काहीही नवं आलं की ते आधी चावडीपाशी यायचं. वीज तशीच आली, नळही तसाच आला. गावातला पहिला हापसा मात्र ओढ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला बसला. तो तिथे मुद्दाम बसवलेला आहे.

त्याआधीचं सांगते. तुझ्या बाबांच्या पणजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. त्यांच्या शाळा खेडोपाडी निघाल्या, म्हणून तुझी आजी शुभवर्तमान स्वतः वाचू शकायची. घरात प्रार्थना आली, पाटी आली. पण गावाच्या लेखी आपण होतो तेच राहिलो. आपली नावं बदलली, आडावरची जागा बदलली नाही. आई घागर घेऊन आडापासून दहा हात लांब बसायची आणि मी कळशी घेऊन तिच्या शेजारी. वरच्या आळीतली एखादी बाई आपलं पाणी भरून झालं की आमच्याकडे वळायची. मग आई घागर पुढे ठेवून मागे सरायची आणि ती बाई उंचावरून धार सोडायची. निम्मं पाणी घागरीत जायचं, निम्मं मातीत. आई सांडलेल्या पाण्याकडे बघायचीसुद्धा नाही. कुणी लगेच वाढायचं, कुणी ऊन डोक्यावर येईपर्यंत बसवून ठेवायचं. या दुसऱ्या प्रकारातल्या बायका वाईट होत्या असं नाही. रीतच तशी होती, आणि रीत माणसाला विचार करू देत नाही.

ही रीत मोडायला निमित्त झाले ते डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. ते १९७० साली आपल्या भागात, जामखेडला आले. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली लग्न झालं, तेव्हाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं असं त्यांनी देवापुढे ठरवलं होतं. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरं करून घरी पाठवलेलं मूल त्याच आजाराने पुन्हा येतं, कारण गावातलं पाणी तेच आणि घरातली उपासमारही तीच. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. तिथेच राहिले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ते परत आले आणि जामखेड निवडलं. तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी गावोगाव बसून लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? लोकांनी दवाखाना मागितला नाही. अन्न आणि पाणी मागितलं. आणि लगेच ७२चा दुष्काळ आला. आड आटले, ओढा फुफाट्याने भरला. डॉक्टरांच्या प्रकल्पातून गावोगाव विंधन विहिरी घ्यायचं ठरलं. कुणी असं काम काढलं की जागा कोण दाखवतं, हे तुला सांगायला नको. पण पाणी शोधायला येणाऱ्या भूवैज्ञानिकाला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं, पाणी पहिल्यांदा दलित वस्तीत शोधा. तिथे लागलं की विहीर तिथेच.

रूथ, या एका सूचनेवर मी आयुष्यभर विचार केला आहे. समतेवर सभा घेता आली असती, चार चांगली भाषणं झाली असती, पारावर टाळ्याही पडल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी आई पुन्हा दहा हात लांब बसली असती. डॉक्टरांनी विहिरीची जागा बदलली. त्यामुळे गावाला पाण्यासाठी आपल्या वस्तीत यावं लागलं, आपल्या बायकांच्या रांगेत उभं राहावं लागलं.

पहिले काही दिवस वरच्या आळीतलं कुणी आलं नाही. मग तहानेने आणलं. सगळ्यांत आधी एक माळकरी म्हातारी आली. चिमूटभर राख घेऊन आली होती. दांडा राखेने घासला, धुतला, मग हात लावला. मी बारा-तेरा वर्षांची होते, माझं डोकं तापलं. आई मात्र उठली, म्हातारीच्या हातून दांडा आपल्या हाती घेतला आणि तिची घागर तोंडापर्यंत भरून दिली. एक थेंब सांडू दिला नाही. नंतर मी भांडले तर म्हणाली, "तिला तहान लागली होती ना?" एवढंच. उन्हाळा संपेतो राख आणायचं बंद झालं होतं. रांगेत दगडावर टेकून बायका लेकीसुनांच्या गोष्टी करू लागल्या होत्या.

योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात शमरोनी स्त्री विहिरीवर येते आणि प्रभू स्वतः तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शमरोन्याच्या हातचं काही घ्यायचं नाही, अशी तिथली रीत होती. संडे स्कूलमध्ये हा धडा मी पुष्कळ वर्षं शिकवला. आडावर ताटकळलेल्या माणसाला त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. प्रभूने तिला काही शिकवायच्या आधी तिच्या हातचं पाणी मागितलं.

आता त्या हापशाच्या लोखंडाबद्दलही थोडं ऐक, कारण तेसुद्धा विश्वासाच्याच गोष्टीत बसतं. सुरुवातीला आपल्याकडे जे बिडाचे पंप यायचे, ते परदेशात एका शेतकरी कुटुंबासाठी बनवलेल्या पंपांच्या धर्तीवरचे होते. इथे त्यांच्यावर पहाटेपासून अख्खं गाव तुटून पडायचं. दांड्याची खीळ झिजायची, पंप मोडायचा, आणि बाया पुन्हा डबक्याकडे वळायच्या. जालना आणि सोलापूरला मिशनच्या कामात असलेल्या लोकांनी यावर डोकं चालवलं. पोलाद वापरलं, दांड्याला बेअरिंग बसवलं आणि आतली सळई सरळ वर ओढली जावी म्हणून साखळी जोडली. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे १९७०च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला आणि तो जगभर गेला. आज आपल्या वस्तीत उभा आहे तो मार्क टूच. बेअरिंग कुठलं घालावं याची रात्रंदिवस चिंता करणाऱ्या त्या माणसांनी ते काम प्रार्थनेइतक्याच निष्ठेने केलं असणार, असं मला मनापासून वाटतं. गरिबासाठी केलेलं काम टिकाऊ असलं पाहिजे. पहिल्याच उन्हाळ्यात मोडणारी मदत ही मदत नव्हे.

पाणी आलं, तशी आरोग्याची पुढची कामं सुरू झाली. आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, ते जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी जणी दलित घरांतल्या. आपल्या वस्तीतलीही एक काकू जायची. दर आठवड्याला जामखेडला जायचं, मुक्काम करायचा, शिकायचं, परत यायचं. तिथे रात्री पांघरायला लहान पांघरुणं एकत्र शिवून केलेलं एकच भलंमोठं पांघरूण. मराठ्याची, माळ्याची, महाराची, मांगाची बाई त्याच एका पांघरुणाखाली निजायची. पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणायची काकू. कुणाचा पाय कुणाला लागेल याचीच धास्ती.

तीच काकू पुढे बाळंतपणं करू लागली. हात कसे धुवायचे, ब्लेड आणि दोरा कसा उकळायचा, जुलाब लागलेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी कसं पाजत राहायचं, सगळं तिला तोंडपाठ. एका रात्री वरच्या आळीतून कंदील घेऊन माणूस तिला बोलवायला आला आणि ती पुढच्या दाराने आत गेली. शिकलेल्या डॉक्टरांनी आपली विद्या अशा बाईच्या हाती मोकळेपणाने दिली, हे मला त्यांच्या सगळ्या कामातलं सगळ्यांत मोठं वाटतं. पुरुषांसाठी शेतकरी मंडळं निघाली. त्यांची सुरुवात व्हॉलीबॉलपासून झाली, कारण बॉल टोलवताना शिवाशीव पाळता येत नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडचं काम आलं, १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दगावणाऱ्या मुलांचा हजारी १७६चा आकडा पुढे तीसच्या आत आला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. त्यांची मुलं आणि गावोगावच्या बायका ते काम चालवताहेत.

जात गेली असं मी तुला सांगणार नाही. लग्नं जमवताना ती आजही पुढे येते, निवडणुकीत येते. पण आपल्या गावात पाण्यावरून कुणाला लांब बसवायची पद्धत त्या वर्षी मोडली ती मोडलीच.

आता तुझा दुसरा प्रश्न. आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होतं. पण औषधाच्या बदल्यात बाप्तिस्मा, असला व्यवहार त्यांनी केला नाही. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेक बायका हिंदू होत्या आणि हिंदूच राहिल्या. आमच्या काकूची विठोबावर श्रद्धा होती, ती अखेरपर्यंत तशीच होती. तरी डॉक्टरांचा देव कसा आहे हे गावाला ठाऊक होतं, कारण हापसा कुठे बसला हे गावाने पाहिलं होतं. याकोबाने कृतीवाचून असलेल्या विश्वासाला निर्जीव म्हटलं आहे. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू शेवटच्या न्यायाच्या दिवशी जे विचारतो, त्यात भुकेल्याला जेवण आणि तान्हेल्याला पाणी आहे, आजाऱ्याची विचारपूस आहे. हे सगळं तुझ्या रोजच्या ड्यूटीतलं काम आहे, रूथ. केअर होममध्ये येशूचं नाव घेता येत नसेल तर राहू दे. त्याने सांगितलेलं काम करायला तिथे कुणाची बंदी नाही.

तू एका आजोबांबद्दल लिहिलं होतंस. त्यांना इंग्रजी येत नाही, चिडचिड करतात, म्हणून त्यांच्या बेलकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं. पाळी सुरू झाली की तू पहिली त्यांच्या खोलीत जा. नवीन आलेली ती मुलगी कामात चुकायला घाबरते म्हणालीस. तुला जे येतं ते तिला हातचं न राखता शिकव. रात्री खोल्या पुसणाऱ्या बाईला नावाने हाक मार. आणि जे करशील ते असं कर की तुझी बदली झाली तरी मागे चालू राहील.

उपासना सोडू नकोस मात्र. रविवार जमत नसेल तर आठवड्यातल्या प्रार्थनेला जा, तेही नाही जमलं तर घरी शास्त्र वाच. डॉक्टरांनी जामखेडला जे केलं त्याची मुळं त्यांनी देवापुढे केलेल्या निश्चयात होती. मुळाला पाणी नसेल तर सेवेचाही एक दिवस कंटाळा येतो, आणि मग माणूस रीतीप्रमाणे वागू लागतो.

तेव्हा एवढं कर, बेटा. जिथे काम करशील तिथे आधी बघ, सगळ्यांच्या शेवटी कुणाचा नंबर लागतो. तिथून सुरुवात कर.

बाबांची तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझी,
आत्या