पुराव्यावांचून दिलेलें औषध

पुराव्यावांचून रोग्यास औषध देऊं नये, असें मी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना नित्य सांगतों. घरांतल्याच एका मुलाला मात्र मीं तसें औषध दिलें, त्याची ही कबुली.

थोरल्या बंधूंचा मुलगा गेल्या वर्षीं परगांवच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाला. तेथें कांहीं भाग समस्येच्या आधारें शिकवितात. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत १९६९ सालीं सुरू झालेली ही रीत. आधीं रोग्याची हकीकत पुढें ठेवावयाची. आठ-दहा विद्यार्थ्यांनीं काय उमगलें, काय अडलें, हें बोलून ठरवावयाचें. मग ज्यानें त्यानें वाचून यावयाचें आणि पुन्हां जमावयाचें. शिक्षक उत्तर सांगत नाहीं. विचार भरकटूं लागला तर प्रश्न विचारतो.

आमचा मुलगा लहानपणापासून माडीवर एकटा वाचणारा. त्या मंडळींत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दिवाळींत घरीं आला तो म्हणाला, "काका, मी चुकीच्या वाटेला लागलों."

मीं त्याला न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची प्रश्नावली सोडवावयास दिली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून कीं हातानें करून शिकणें माणसाला रुचतें, तें तिच्यावरून ठरवितात. उत्तर 'वाचून-लिहून' असें आलें. मीं निर्धास्तपणें सांगितलें, "त्या चर्चा तुझ्या प्रकृतीच्या नव्हेत. तेथें नुसता बैस. खरा अभ्यास खोलींत कर."

वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, दुखणेकरी का याला आपलें दुखणें लिहून देणार आहे?"

मी निरुत्तर झालों. रात्रीं या विषयावरचे शोधनिबंध काढून बसलों. २००८ सालीं हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या तिघां सहकाऱ्यांनीं त्याचें परीक्षण केलें होतें. प्रत्येकाची आवड निराळी असते, हें त्यांना मान्य. पण त्या आवडीप्रमाणें शिकविल्यानें विद्या अधिक येते, यास पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाहीं. मी आवडीलाच कुवत समजलों होतों!

सकाळीं मुलाजवळ चूक कबूल केली आणि एवढेंच सुचविलें, "टिपण जरूर कर, पण तें मंडळींत स्वतः वाचून दाखव."

पहिल्याच खेपेस सोबत्यांनीं त्याच्या टिपणांतली चूक काढली. तो खट्टू झाला. पण पुढच्या खेपेस त्यानें त्यांची काढली. अजूनहि तो मितभाषीच आहे. परवां सुटींत आला तेव्हां मात्र आजीजवळ बसून, खोकला किती दिवसांचा, रात्रीं वाढतो कीं पहाटे, असें स्वतःहून विचारूं लागला. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. बोलल्या कांहीं नाहींत.