बातमीत न छापलेला आकडा

गेल्या वर्षी मीच चार कॉलमी बातमी केली होती, 'तालुक्याची लेक लंडनला'. हार, पेढे, पुढाऱ्यांसोबत फोटो. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "काका, सगळं छापलंत, पण आमचं घर बँकेकडे गहाण आहे ते राहिलं."

मी गप्प.

मग तिने हिशेब सांगितला. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना सोमवार ते रविवार मिळून २० तासच काम करता येतं. अभ्यासक्रमाबाहेरची इंटर्नशिप बिनपगारी असली तरी तिचे तास त्यातच धरतात. तिची इंटर्नशिप १४ तासांची. उरले ६. तेवढ्यात कॅफेत कपबशा विसळून लंडनचं भाडं कसं निघणार? "काम मात्र भारी शिकायला मिळतंय, सोडवत नाही," म्हणाली.

मध्यंतरी ती किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी जाऊन आली. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले ते घर. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली त्यांनाही लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. पुन्हा गेले, पूर्ण करून आले. "तिथून निघताना जरा बरं वाटलं," एवढंच बोलली.

मंडळी, पोरांना जरूर पाठवा. पण आधी हा हिशेब कागदावर मांडा. पुढची अशी बातमी मी कर्जाच्या आकड्यासकट छापणार, घरच्यांची हरकत नसेल तर. फोटो लहान झाला तरी चालेल.

आणि कुणाचं लेकरू बाहेर असेल, तर आज फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे 'पैसे पुरतात का' हेही विचारा.