मिटल्या डोळ्यांची वाट

आमची आजी रोज दोन पूजा करायची. एक देवघरात, आंघोळ झाल्या झाल्या. दुसरी दुपारी, मागची झाकपाक आटोपली की भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. ही मानसपूजा. तिला ताम्हन लागत नसे, निरांजन लागत नसे. ओठ मिटलेले असत, बोटं मात्र हलायची. चंदन उगाळल्याची गोल हालचाल, मग अनामिकेनं गंध लावणं, मग फूल खुडून वाहणं. मध्येच कुणी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणायची, "थांब गं, अजून अभिषेक व्हायचाय."

वडील सरकारच्या दुग्धविकास खात्यात, त्यामुळे आमचं बिऱ्हाड आरे कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये. मुंबईभर विखुरलेले म्हशींचे गोठे शहराबाहेर एका जागी न्यावेत, हा ध्यास दारा खुरोडींनी घेतला आणि १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये आरे डेअरीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, त्यांनी इथं रोप लावलं. बत्तीस तबेले आणि भोवती अफाट हिरवळ. त्याआधीपासून वसलेले वारल्यांचे पाडे आणि पाड्यांवरचा वाघोबा. आम्हा मुलांना हे सगळं अंगण वाटायचं.

संधिवातानं आजीचं बाहेर पडणं बंद झालं, तरी मानसपूजेतली फुलं आरेतलीच राहिली. दुपारी डोळे उघडले की सांगायची, "आज तबेल्यामागचा सोनचाफा वाहिला. खालच्या फांदीला काही उरलं नव्हतं, वरून काढावा लागला." खालची फुलं आम्हीच ओरबाडलेली असणार, हे तिला घरबसल्या ठाऊक! तिच्या मनातल्या झाडाला ऋतू होते, उंची होती, नातवंडांचा उपद्रवही होता. एवढं खरं झाड डोळ्यांसमोर आणायचं तर ते आधी किती निरखून पाहिलेलं असायला हवं, हे मला फार पुढे कळलं.

आपल्याकडे सगुण ध्यानाची वाट जुनीच. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा विठ्ठल ज्यानं एकदा पोटभर पाहिला, त्याला दिंडीबरोबर जाता आलं नाही तरी तो घरी बसून पाहता येतो. रूप ठरलेलं, म्हणून मन भरकटत नाही. आजीला 'ध्यान' वगैरे शब्द लागले नाहीत. तिचे गुडघे ठणकत असायचे, पण त्या अर्ध्या तासात तिच्या कपाळावर आठी नसायची.

नोकरीला लागल्यावर एकदा इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला गेले. सत्यनारायण गोएंकांनी घालून दिलेल्या विपश्यनेत मूर्ती नाही, नाम नाही, कल्पनेतलं चित्र तर मुळीच नाही. श्वास जसा आहे तसा पाहायचा, मग अंगावरच्या संवेदना. माझं मन सवयीनं आरेच्या रस्त्यावर निघायचं आणि मी त्याला पुन्हा नाकपुड्यांशी आणून बसवायचे. आजीच्या पूजेच्या अगदी उलटं हे शिक्षण. त्यातून एक गोष्ट पदरात पडली. मन गोड चित्रं काढतं ते पुष्कळदा दुखऱ्या जागेवरून पळ काढण्यासाठी. चित्रात रमताना आपण त्या जागेशी आहोत की तिथून पळालो आहोत, हे ओळखता आलं पाहिजे.

त्याचा उपयोग पुढे माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर झाला. रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले की दुखणं जागं व्हायचं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवलं, "डोळे मिटा आणि आवडत्या जागी चालून या. घाई करू नका." मी गोरेगावच्या बाजूनं आरेत शिरले. नाका, रस्त्यावर झुकलेली मोठाली झाडं, छोटा काश्मीर बागेतलं तळं. सगळं दिसत होतं, पण सपाट, कॅलेंडरवरच्या चित्रासारखं. मग कुठूनसा वास आला: ओलं शेण, भिजवलेली पेंड, पावसानं कुजत चाललेलं गवत. त्या वासाबरोबर रस्ता एकदम खरा झाला. पायाखाली खडी लागली, तबेल्यात साखळी वाजली. दुखणं होतंच, कंबरेशी ते कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, तेही स्पष्ट जाणवत होतं. पण दुखण्याभोवती आता जागा होती. त्या वाटेवर कुठंतरी झोप लागायची.

अशा चित्रांवर पुढे पुष्कळ वाचलं. अमेरिकेत कार्ल आणि स्टेफनी सायमंटन यांनी कर्करोगाच्या रुग्णांना शरीरातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी झुंजत आहेत असं चित्र मनात आणायला शिकवलं. १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. धास्ती, वेदना, केमोथेरपीतली मळमळ यांवर अशा सरावानं उतार पडू शकतो. गाठ विरघळते असा पुरावा मात्र नाही. हा फरक नीट सांगणारे शिक्षक थोडे. 'तुमची श्रद्धा कमी पडली' असं आजाऱ्याला ऐकवणारे जास्त, आणि ते मला क्रूर वाटतं.

यापेक्षा एक अभ्यास मला अधिक जवळचा. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रॉजर उल्रिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. ज्यांच्यासमोर विटांची भिंत होती त्यांना जास्त. ती झाडं खरीखुरी होती, मनातली नव्हे.

म्हणूनच ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्र अजून मनातून जात नाही. उच्च न्यायालयानं त्या दिवशी झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि अंधार पडल्यावर आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी कटर चालू झाले. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला आली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. अनेक जण मला म्हणाले, तुझ्या मनात तर आहेत ना झाडं! आहेत. पण मनातल्या झाडावर घार घरटं बांधत नाही, पाड्यावरच्या बाईला त्याखाली शेवळं मिळत नाहीत. आणि आज पाच वर्षांचं असलेलं मूल उद्या कुठल्या वॉर्डात डोळे मिटून पडेल, तेव्हा त्याच्याकडे काय असेल? आता मेट्रोला 'आरे' नावाचं स्टेशन आहे, मीही तिथून गाडी पकडते. त्या गाडीवर राग नाही. हिशेब मात्र मांडून ठेवावासा वाटतो.

डोळे मिटून चालून येण्याचा हा सराव करून पाहावासा वाटला तर औषधं आणि डॉक्टर सोडू नका. काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढे चित्र उमटतच नाही; ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञानं २०१५ मध्ये त्या अवस्थेला 'अफँटेझिया' असं नाव दिलं. तुमचं तसं असेल तर वास, आवाज, स्पर्श यांच्या मागं जा, त्यांनीही वाट सापडते. आणि कुठल्याही ॲपमधला परका समुद्रकिनारा उसना घेऊ नका. घराजवळचं एक झाड निवडा आणि वर्षभर त्याच्याशी जाऊन उभे राहा: पालवीत, फुलात, पानगळीत. त्याची साल हाताला माहीत होऊ दे. पडून राहण्याची वेळ आली तर ते कामाला येईल. ते तोडायला कुणी आलं तर तुम्ही आधी तिथं पोहोचा.