आमचा पोपट झाला त्याची गोष्ट

मंडळी, 'पोपट होणे' हा वाक्प्रचार आजवर मी दुसऱ्यांसाठीच वापरत आले. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो आमच्यावर उलटला, आणि तोही अगदी शब्दशः.

आमचा पिकू म्हणजे कॉकटील. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. काकाकुव्याच्या कुळातला, मूळ ऑस्ट्रेलियाचं; पण हा जन्मला इथेच, पिंजऱ्यात. वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. गेली चार वर्षं तो आमच्या नेरूळच्या घरात आहे आणि रोज दोन-तीन तास हॉलमध्ये मोकळा असतो. त्या दिवशी संध्याकाळी तो पडद्याच्या दांडीवर बसला होता. उकाडा असह्य झाला म्हणून मी खिडकीची काच सरकवली. हो, मीच. तो मोकळा आहे हे माहीत असताना, "पाचच मिनिटं" असं स्वतःला सांगत. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, पिकू दचकला आणि ग्रिलच्या गजांमधून एक राखाडी रेघ बाहेर गेली. ग्रिल चोरांसाठी असतं, पाखरांसाठी नाही, हे तेव्हा कळलं.

लेक रडायलाच लागली. नवरा स्लिपर न घालताच खाली पळाला. सासूबाई मात्र सोफ्यावरून उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "सुटला बिचारा. जाऊ दे गं. देवाने पंख दिलेत ते कशाला?"

हे वाक्य मला लागलं. कारण रात्री पिंजऱ्यावर चादर टाकताना हाच प्रश्न मलाही कितीदा पडलेला आहे.

पिकूचा पत्ता दिला तो कावळ्यांनी. समोरच्या पर्जन्यवृक्षावर त्यांनी नुसता कालवा मांडला होता. अगदी शेंड्याला, पानांत अंग चोरून पिकू बसलेला. लेकीने खालून त्याची नेहमीची शिट्टी वाजवली, तर त्याने लगेच उत्तर दिलं! पण खाली येईना. सोसायटीतली मंडळी जमली. कुणी म्हणालं, दगड मारा, उडेल. कुणी म्हणालं, पाण्याचा पाइप लावा. मी हात जोडले. घाबरलेला पक्षी आणखी लांब जातो, आणि एकदा नजरेआड झाला की संपलंच.

तो का येत नव्हता, हे नंतर पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. घरात वाढलेला पक्षी उडायला शिकतो तो हॉलमध्ये, दांडीवरून खुर्चीवर. उंच झाडावरून खोल खाली उतरणं हे वेगळं कसब आहे, ते त्याला कधी लागलेलंच नसतं. म्हणजे तो आमच्याकडे पाहत होता, ओ देत होता, आणि यायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. आम्ही मात्र खाली उभे राहून म्हणत होतो, "बघा, येतच नाहीये, त्याला बाहेर आवडलंय!"

अंधार पडला. अंधारात असे पक्षी सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून कुठल्या फांदीवर बसलाय ते नीट बघून ठेवलं आणि घरी आलो.

रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "आमच्या माहेरी राघू होता. हिरवा. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. वडील म्हणाले, रानात गेला, त्याला त्याचे भाऊबंद भेटले. दोन दिवसांनी फणसाखाली मला हिरवी पिसं दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांनीही बघितली असणार."

थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "सुटला म्हटलं की बरं वाटतं गं. म्हणून म्हणायचं." आणि मग एकदम, "सकाळी किती वाजता जायचंय?"

पहाटे साडेपाचला आम्ही समोरच्या सिडकोच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर होतो. खालून हाका मारण्यापेक्षा त्याच्या उंचीवर जायचं, एवढं डोकं रात्रभरात चाललं होतं. पिंजरा दार उघडून कठड्यापाशी ठेवला, आत राळे, सूर्यफुलाच्या बिया आणि पाणी. मोबाइलवर त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग. आई प्लास्टिकच्या खुर्चीत, लेक शिट्टी वाजवतेय. कोकीळ ओरडून झाला, कावळे जागे झाले, माझा जीव खालीवर. सहा-साडेसहाला पिकू हलला. शेंड्यावरून खालची फांदी, तिथून पाण्याची टाकी, टाकीवरून कठडा. कुणीही हात पुढे करायचा नाही असं ठरलं होतं. तो स्वतःच पिंजऱ्यात शिरला आणि पाणी पीतच राहिला. दार लावताना माझे हात थरथरत होते.

तर तो सुटला होता की हरवला होता? माझं उत्तर आता पक्कं आहे. पण ते सगळ्या पोपटांना लागू नाही. आपला हिरवा पोपट घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो रानाचाच आहे, त्याला पिंजरा नकोच. कुणाकडे असेल तर खिडकीतून उडवून पुण्य मिळवायला जाऊ नका. वन खात्याच्या ताब्यात द्या, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. कुणी म्हणेल, लंडनमध्ये नाही का हेच हिरवे पोपट सुटून हजारोंनी वाढले? वाढले खरे, पण ती जातच चिवट आणि थव्याने राहणारी. नेरूळच्या कावळ्या-घारींमध्ये एकट्या कॉकटीलचं तसं होत नाही. त्याला पिंजऱ्यात जन्माला घातलं ते माणसाने. मग त्याला सांभाळायचं कामही माणसाचंच.

आता सगळ्या खिडक्यांना जाळी आहे. आधी खिडकी बंद, मग पंखा बंद, मग पिंजरा उघडायचा, हा क्रम दारावर लिहून ठेवलाय. नॉनस्टिक तवा स्वयंपाकघरातून गेला, कारण तो जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो. पायातल्या कड्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवलाय. आणि संक्रांतीला नायलॉन मांजा विकताना कुणी दिसलं तर गप्प बसायचं नाही, असंही ठरवलंय. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि तो पिकूलाच नाही, सगळ्यांच्याच पंखांना कापतो.

संध्याकाळी हिरव्या पोपटांचा थवा ओरडत आमच्या इमारतीवरून जातो. आई जाळीपाशी उभ्या राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघतात. 'सुटला' हा शब्द त्यांनी परत काढलेला नाही. फक्त खिडकीला हात लावायच्या आधी दरवेळी हाक मारतात, "अगं, पिकू कुठंय?"