सांदण : डोंगराच्या पोटातून कोकणात

भंडारदऱ्याला आपल्यापैकी बरेच जण सहकुटुंब जातात, धरण पाहतात आणि परततात. पण जलाशयाला वळसा घालून पुढे गेले की अकोले तालुक्यातले साम्रद हे छोटे गाव लागते. गावाबाहेर थोडे चालले की जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते. हीच सांदण दरी.

बाकीच्या घाटवाटा डोंगराच्या अंगावरून उतरतात, ही त्याच्या पोटातून उतरते. सह्याद्रीचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला. त्याच्या भेगेत पावसाचे पाणी शिरत राहिले आणि दरी खोल होत गेली. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, वर आभाळाची एक पट्टी. ऊन तळाशी फार थोडा वेळ टेकते.

डिसेंबरात फजरची नमाज आणि चहा उरकून आम्ही नऊ जण निघालो. सोबत गावातले दोन वाटाडे आणि दोर लावणारे तिघे जाणकार. सुरुवातीलाच पाण्याचे डोह आडवे येतात. पहिल्यात गुडघे बुडाले, दुसऱ्यात कंबर. पाणी बर्फासारखे. मोबाइल आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून डोक्यावर घ्यावे लागले. त्यापुढे खोलीएवढाल्या दगडांवरून चढ-उतार.

मग दरी थेट तुटते. इथला पहिला मोठा टप्पा सुमारे 45 फुटांचा. कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट, पाठ दरीकडे आणि पाय कातळावर सपाट. उजव्या हाताने दोर थोडा थोडा सोडत मागे चालायचे. पडायला होऊ नये म्हणून वरचा माणूस दुसरा दोर धरून असतो.

कड्यावर पोहोचल्यावर दोर लावणाऱ्यांच्या म्होरक्याने सर्वांना बसवले. म्हणाला, “शेवटचा माणूस उतरला की आम्ही दोर खाली ओढून घेतो. मग मागची वाट संपली. ज्याला परतायचंय त्यानं आत्ताच सांगा.”

माझी सोळा वर्षांची भाची पुढे सरसावली. आपाच्या, म्हणजे तिच्या अम्मीच्या, गुडघ्याला मात्र सूज आली होती. सगळे “चल ना आपा” म्हणत होते. ती शांतपणे म्हणाली, “पोरीला जाऊ द्या. मी परत जाते. खाली अडकले तर तुम्ही सगळे अडकाल.” एक वाटाड्या तिला घेऊन साम्रदला परतला. भाची डोळे पुसत दोरावर गेली आणि न थांबता उतरली.

खाली आणखी लहान टप्पे होते, मग लांबलचक दगडवाट. त्या वाटेवर दुखऱ्या गुडघ्याने काय झाले असते, हे प्रत्येकाला कळले. संध्याकाळी आम्ही शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावात पोहोचलो आणि तिथून जीपने आसनगाव स्टेशनला.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. पावसाळ्यात या दरीत पाऊलही टाकू नये. पाणी चढले तर पळायला बाजूच नाही. थंडीचे दिवस उत्तम. पकड असलेले बूट, पुरेसे पाणी, खजूर-चणे आणि बॅटरी जवळ ठेवा. स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. आणि घरातला कोणी कड्यावरून परततो म्हणाला, तर त्याची थट्टा करू नका. दोर ओढण्याआधी “नाही” म्हणायलाही हिंमत लागते.